भुताचे सोंग, भुताची साक्ष

अमेरिकेत किशोरवयीन मुलींसाठी लिहिल्या गेलेल्या रहस्यकादंबऱ्यांकडे आपल्याकडे फारसे कुणी गांभीर्याने पाहिलेले नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, एखादा पडका वाडा, रात्री ऐकू येणारी पावले आणि शेवटच्या प्रकरणात पकडला जाणारा चोर, एवढाच त्यांचा ऐवज असे मानून आपण ती पुस्तके मुलींच्या दप्तरात राहू दिली. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या आपल्या घरांतल्या मुलींनीही ती वाचली. घरातले थोरले इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' वाचत आणि धाकट्या नॅन्सी ड्रू. दोन्ही पुस्तके एकाच पलंगाच्या उशीखाली सापडत. पण या पुस्तकांना शंभर वर्षांचा इतिहास होत आला आहे, आणि त्या इतिहासात एक मोठा पालट घडला आहे. आरंभी या कादंबऱ्यांत भूत हे गुन्हेगाराचे सोंग होते. पुढे तेच भूत गुन्ह्याचा साक्षीदार झाले. हा पालट का झाला, आणि भूत साक्ष देऊ लागल्यावर ती कुणाच्या बाजूने दिली गेली, हा या लेखाचा विषय आहे.

सुरुवात एका कारखान्यापासून करावी लागते. एडवर्ड स्ट्रेटमायर नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांच्या कादंबऱ्यांची एक सिंडिकेट उभी केली. कथानकाचा आराखडा ते करीत, ठरावीक मोबदल्यावर कुणीतरी तो लिहून काढी आणि पुस्तकावर तिसरेच काल्पनिक नाव छापले जाई. मुलांसाठी 'हार्डी बॉइज' १९२७ मध्ये निघाली. मुलींसाठी नॅन्सी ड्रूची पहिली तीन पुस्तके २८ एप्रिल १९३० रोजी एकदम बाजारात आली. लेखिका म्हणून नाव होते कॅरोलिन कीन. या नावाची बाई जगात कधीच नव्हती.

ती पुस्तके लिहिणाऱ्या खऱ्या बाईचे नाव मिल्ड्रेड वर्ट, पुढे बेन्सन. जन्म १९०५, आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावी. आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेची एम. ए. पदवी घेणारी ती पहिली विद्यार्थिनी. तिला प्रत्येक पुस्तकामागे १२५ डॉलर मिळत आणि त्या बदल्यात सर्व हक्क सोडून दिल्याची सही द्यावी लागे. मंदीच्या काळात हा आकडा ७५ वर आणला गेला तेव्हा तिने काही काळ लिहिणे थांबवले. मग पुन्हा धरले. पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस तिची. इंग्रजीत दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्याला घोस्ट रायटर म्हणतात. नॅन्सी ड्रूच्या त्या साऱ्या भूतमहालांत खरे भूत एकच होते, ते म्हणजे लेखिका. ती कोण हे पुष्कळांना कळले १९८० साली, प्रकाशकांच्या आपसांतल्या एका खटल्यात तिला साक्षीला बोलावले तेव्हा. या बाईने त्यानंतरही टोलेडो शहरातल्या वृत्तपत्रात काम चालूच ठेवले. २००२ मध्ये ती वारली तेव्हा शहाण्णव वर्षांची होती आणि तिचे सदर तोवर चालू होते.

आता तिच्या भुतांकडे येऊ. मालिकेतले दुसरेच पुस्तक घ्या, 'द हिडन स्टेअरकेस'. दोन वृद्ध बहिणी एका जुन्या वाड्यात राहतात. घरात चमत्कारिक आवाज येतात, वस्तू नाहीशा होतात. नॅन्सी तिथे मुक्कामाला जाते, भिंती ठोकून पाहते आणि शोधून काढते की शेजारच्या घरातला माणूस गुप्त जिन्याने आणि भुयाराने आत येतो. त्याला वाडा स्वस्तात हवा आहे. भीती घातली की म्हाताऱ्या विकून जातील, हा त्याचा हिशेब. पुढच्या पुस्तकांची नावे 'झपाटलेला पूल', 'ब्लॅकवूड हॉलचे भूत' अशा अर्थाची आहेत. पण पडदा दूर केला की मागे कुणीतरी माणूसच उभा असतो. इंग्रजीत ही रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲन रॅडक्लिफ यांनी रूढ केली होती. स्ट्रेटमायरच्या कारखान्याने ती सोपी करून मुलींच्या हातात दिली. १९६९ पासून दूरचित्रवाणीवर 'स्कूबी-डू' या कार्टूनने तर तिचा साचाच करून टाकला.

या जुन्या कथांत एक गोष्ट सारखी दिसते. भांडण जवळजवळ नेहमी मालमत्तेचे असते. मृत्युपत्र, वारसा, घर, दागिने, जमीन. पहिल्या पुस्तकात दडवलेल्या मृत्युपत्राचा माग आहे. १९३० हे साल लक्षात घेतले तर याचे नवल वाटत नाही. आदल्याच वर्षी शेअर बाजार कोसळलेला होता, बँका बुडू लागल्या होत्या. अशा वेळी निळी मोटार स्वतः चालवणारी, वकील बापाची आईविना वाढलेली लाडकी लेक गरीब म्हाताऱ्यांना त्यांचे घर परत मिळवून देते, हे मुलींना किती हवेसे वाटले असेल! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर पुढे बसलेल्या सँड्रा डे ओ'कॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग आणि सोनिया सोटोमायोर या तिघींनीही लहानपणी नॅन्सी ड्रू वाचल्याचे सांगितले आहे. मुलीला डोके असते आणि ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, हे या पुस्तकांनी तीन पिढ्यांना शिकवले. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण शोध घेणाऱ्या मुलीला संशयही घ्यावा लागतो, आणि तो ती कुणाचा घेते हे पाहिले की चित्र बदलते. जुन्या आवृत्त्यांत सावळ्या रंगाचा, परक्या उच्चाराचा माणूस दिसला की तो बहुधा काही लपवत असतो. पहिल्याच पुस्तकात एक कृष्णवर्णीय राखणदार आहे. दारूच्या नादी लावून चोरांनी त्याला मूर्ख बनवले आहे आणि त्याच्या बोलण्याची थट्टा केली आहे. तक्रारी वाढल्यावर स्ट्रेटमायर यांच्या कन्या हॅरिएट ॲडम्स यांनी १९५९ पासून जुन्या पुस्तकांची नवी, आखूड रूपे काढायला सुरुवात केली. पंचवीस प्रकरणांची वीस झाली. अपमानकारक वर्णने गेली, हे चांगलेच झाले. मात्र त्या राखणदाराला शहाणा करण्याऐवजी गोरा केले गेले. अपमान काढून टाकायचा म्हणजे तो माणूसच काढून टाकायचा, असा हा सोपा उपाय होता. नव्या नॅन्सीचे गाव त्यामुळे अधिक सभ्य झाले आणि अधिक पांढरेही.

इथे आपल्या परंपरेतली एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापायला घेतली. महंमद हुसैन जाह आणि नंतर अहमद हुसैन कमर यांनी लिहिलेली ही दास्तान दहा वर्षे निघत होती. तीत अमर अय्यारच्या तोडीस तोड अशा तरुण अय्यारा आहेत आणि त्यांची सरदार आहे सरसर शमशीरजन. वेषांतर करणे, बातमी काढणे, बेशुद्धीची औषधे वापरणे, दोराने किल्ला चढणे हे सारे त्या करतात. विशेष असे की जादूगारांनी भरलेल्या त्या मुलखात अय्यारांचे हत्यार जादू नव्हे, अक्कल आहे. नॅन्सीच्या सत्तेचाळीस वर्षे आधी आमच्या उर्दूत तलवार बाळगणारी, हेरगिरी करणारी मुलगी मोकळेपणाने हिंडत होती. ती शत्रुपक्षाची होती हे खरे, पण दास्तानगोंनी तिच्यावर जीव लावला होता. पुढे रहस्यकथा स्वस्त पुस्तकांत आली तेव्हा अशा मुली मागे पडल्या आणि पुरुष गुप्तहेर उरले. मराठीतही फास्टर फेणे फुरसुंगीहून सायकल दामटत आला; त्याची बहीण शोभेल अशी मुलगी त्याच्याइतकी गाजली नाही.

अमेरिकेत पालट दिसू लागतो तो १९७० नंतर, आणि तो सर्वांत स्पष्टपणे लुईस डंकन यांच्या लेखनात. किशोरांसाठी भयकथा लिहिणाऱ्या त्या पिढीतल्या त्या सर्वांत समर्थ लेखिका, असे माझे मत आहे. १९७४ च्या 'डाउन अ डार्क हॉल' मध्ये त्यांनी निवासी शाळेतल्या मुलींवर खरोखरच मृतांची छाया पडू दिली. शेवटी कुणी मुखवटा काढत नाही. १९८४ च्या 'द थर्ड आय' मध्ये कॅरन नावाची शाळकरी मुलगी आहे. हरवलेली मुले कुठे आहेत हे तिला दिसते, आणि एक तरुण पोलीस अधिकारी तिची मदत मागतो. याच १९८४ साली आयोवातल्या एका डेअरीने हरवलेल्या मुलांची छायाचित्रे दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापायला आरंभ केला होता, कारण त्या भागात वर्तमानपत्रे टाकणारी दोन मुले नाहीशी झाली होती. थोड्याच काळात ही प्रथा देशभर पसरली. सकाळी न्याहारीच्या टेबलावर बसलेले मूल समोरच्या खोक्यावर आपल्याच वयाचा हरवलेला चेहरा पाहत असे. मालमत्तेचे रहस्य मागे पडून नाहीशा झालेल्या मुलांचे रहस्य पुढे आले, त्याची ही पार्श्वभूमी आहे. घर परत मिळवायला भिंती ठोकणारी मुलगी पुरते. मेलेल्या मुलाचे काय झाले हे सांगायला, दुसरे कुणी पाहिलेले नसेल तर, मेलेलाच लागतो.

यानंतर जे घडले ते कादंबरीत लिहिले असते तर अतिरेक म्हणून कुणीही नाकारले असते. १६ जुलै १९८९ च्या रात्री अल्बुकर्की शहरात डंकन यांची अठरा वर्षांची धाकटी मुलगी केट मैत्रिणीच्या घरून मोटारीने परतत असताना तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी डंकन यांची 'डोन्ट लुक बिहाइंड यू' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिची नायिका केटवर बेतलेली होती आणि एक मारेकरी तिचा पाठलाग करीत होता. पोलिसांनी ही वाटेवरची, कारणावाचून झालेली हत्या ठरवली. काही तरुण पकडले गेले, पण खटला उभा राहिला नाही. आईला हे पटेना. ज्या बाईने अतींद्रिय दृष्टी असलेल्या मुली कागदावर उभ्या केल्या होत्या, ती आता खऱ्या अतींद्रियवाद्यांकडे जाऊ लागली. १९९२ साली तिने 'माझ्या मुलीला कुणी मारले?' असाच प्रश्न नाव म्हणून घेऊन पुस्तक लिहिले. तिचा स्वतःचा संशय मुलीच्या व्हिएतनामी मित्राच्या वर्तुळावर आणि त्या वर्तुळातल्या विमा-फसवणुकीवर होता.

या आईला हसणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या वस्त्यांतही मूल हरवले की पोलीस चौकीइतकाच आमिलाचा उंबरठा झिजतो. सुशिक्षित घरांत हे लपवून केले जाते एवढेच. जिन्न आहेत यावर आपला विश्वास आहे. पण गैबचे ज्ञान जिन्नांनाही नाही, हे सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या काठीच्या किश्शात स्पष्ट सांगितलेले आहे: काठीला टेकलेले पैगंबर कधीच निवर्तले होते आणि वाळवीने काठी पोखरून ते पडेपर्यंत जिन्न बिचारे राबतच राहिले. ज्यांना समोरचा मृत्यू कळला नाही ते दुसऱ्याच्या मुलीचा मारेकरी काय सांगणार? हे सारे कळूनही माणूस त्या उंबरठ्यावर जातो, कारण कायद्याचा उंबरठा त्याच्यासाठी बंद झालेला असतो.

डंकन यांनी पुढे संकटात सापडलेल्या मुलींच्या कादंबऱ्या लिहिणे जवळजवळ सोडले. १९९७ मध्ये त्यांच्या १९७३ च्या 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' वर रक्ताळलेला चित्रपट निघाला. मुलीचा खून झालेल्या आईला तो पाहवला नाही, आणि हे त्यांनी उघड बोलून दाखवले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या रहस्यलेखक संघटनेने त्यांना ग्रँड मास्टर हा सर्वोच्च सन्मान दिला. जून २०१६ मध्ये त्या वारल्या. आणि २०२१ मध्ये एका माणसाने केटच्या हत्येची कबुली दिली. आधी पकडलेल्यांपैकी तो नव्हता. त्या रात्री तो घटनास्थळीच उभा होता. त्याची धड जबानी कुणी घेतली नव्हती. बत्तीस वर्षे साक्षीदार म्हणून भुतांना विचारले जात होते आणि मोटारीपाशी उभ्या असलेल्या जिवंत माणसाला कुणी नीट विचारले नव्हते.

१९९७ नंतरचा काळ मी भराभर ओलांडतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही मालिका आली, २००५ मध्ये 'ट्वायलाइट' आली, तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या आणि पुस्तकांच्या दुकानांत किशोरांच्या अतींद्रिय प्रेमकथांची वेगळी कपाटे उभी राहिली. त्यांतल्या बऱ्याच नायिका शोध घेत नाहीत, नुसत्या प्रेमात पडतात. अपवाद मेग कॅबट यांचा. २००० मध्ये जेनी कॅरोल या टोपणनावाने त्यांनी सुरू केलेल्या 'द मीडिएटर' मालिकेत सूझ सायमनला मृत माणसे दिसतात आणि त्यांचे राहिलेले काम पुरे करून त्यांना वाटेला लावणे हे तिचे काम आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या दुसऱ्या मालिकेत वीज अंगावर पडून वाचलेल्या जेस मास्ट्रियानीला दुधाच्या खोक्यावरची मुले कुठे आहेत ते कळू लागते. इथे कॅबट यांनी एक फार शहाणी गोष्ट केली आहे. जेस एका मुलाचा पत्ता कळवते आणि मग तिच्या लक्षात येते की तो हरवलेला नव्हताच. मारणाऱ्या बापापासून तो लपला होता. सत्य सापडले, पण ते कुणाच्या हाती दिले, हा प्रश्न नॅन्सीला कधी पडला नव्हता. तिच्या जगात पोलीस नेहमी वेळेवर येतात आणि योग्य माणसालाच पकडतात.

आपल्यापैकी कितीजणांचे जग तसे आहे? मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, मेलेले बहुतेक मुसलमान, आणि पकडलेले नऊजणही मुसलमान. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तोवर त्यांतला एक जण जगात नव्हता. ज्या समाजावर संशय आधी पडतो आणि चौकशी नंतर होते, त्या समाजातली मुलगी गुप्तहेर झाली तर तिची कादंबरी कशी असेल?

या प्रश्नाला मिळालेले एक चांगले उत्तर मुंबईत जन्मलेल्या लेखिकेने दिले आहे. समीरा अहमद यांचा जन्म मुंबईचा, बालपण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले. २०१६ मध्ये सायमन अँड शूस्टर या प्रकाशनसंस्थेने मुस्लिम मुलांच्या कथांसाठी 'सलाम रीड्स' नावाची शाखा काढली, त्याच सुमारास अमेरिकेत मुस्लिम लेखिकांची एक नवी पिढी किशोरसाहित्यात उतरली. समीरा अहमद त्या पिढीतल्या. त्यांची 'हॉलो फायर्स' ही कादंबरी २०२२ मध्ये आली. शिकागोतली साफिया मिर्झा शाळेच्या वर्तमानपत्राची संपादक आहे. पत्रकाराने फक्त तथ्ये मांडावीत, स्वतःला मध्ये आणू नये, असे तिला शिकवलेले आहे. जवाद अली हा चौदा वर्षांचा मुलगा वेषभूषेसाठी टाकाऊ वस्तूंतून पाठीवरचे खोटे उड्डाणयंत्र बनवतो, शिक्षिकेला तो बॉम्ब वाटतो, त्याला अटक होते. सुटल्यावरही 'बॉम्बवाला पोरगा' हे नाव त्याला चिकटते. मग तो नाहीसा होतो. साफियाला त्याचा आवाज ऐकू येतो, आणि त्याचे प्रेत तिलाच सापडते.

या कथेमागे दोन खऱ्या घटना आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये टेक्सासमधल्या अर्व्हिंग गावी अहमद मोहम्मद नावाच्या चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने घरी जोडलेले घड्याळ शाळेत नेले आणि त्याला बेड्या पडल्या. दुसरी घटना १९२४ सालची, शिकागोचीच. लिओपोल्ड आणि लोएब या दोन श्रीमंत, हुशार तरुणांनी चौदा वर्षांच्या बॉबी फ्रँक्सला केवळ आपण पकडले जाणार नाही हे सिद्ध करण्यासाठी मारले. सामान्य माणसांचे नियम श्रेष्ठ माणसांना लागू नाहीत, असे त्यांचे तत्त्वज्ञान होते. समीरा अहमद यांनी त्या तत्त्वज्ञानाला आजच्या गोऱ्या वर्णद्वेषाच्या शेजारी बसवले आहे. कादंबरीत बातम्या, जबान्या, समाजमाध्यमांवरच्या नोंदी मधे मधे येतात, आणि खरे काय व खरे म्हणून पसरवलेले काय यांची सरमिसळ वाचकाला स्वतः सोडवावी लागते. काही ठिकाणी लेखिका वाचकाला फार समजावून सांगते, हा दोष मला खटकला. पण भुताचा उपयोग तिने जसा केला आहे तसा या शंभर वर्षांत क्वचितच झाला असेल. इथे भूत मारेकऱ्याचे नाव सांगत नाही. शोध साफियालाच घ्यावा लागतो, कागद चाळून, दारे ठोठावून, माणसांशी बोलून. भूत फक्त स्वतःविषयी सांगते: आपण कोण होतो, आई काय म्हणून हाक मारायची, ते यंत्र बनवताना किती मजा आली होती.

१९२४ च्या खटल्यात क्लॅरेन्स डॅरो या नामांकित वकिलाने लिओपोल्ड आणि लोएब यांना फाशीपासून वाचवले. त्या दोघांवर नाटके झाली, चित्रपट निघाले, त्यांच्या मनाचा अभ्यास करणारे ग्रंथ लिहिले गेले. बॉबी फ्रँक्स त्या साऱ्यात बहुधा एका वाक्यापुरता येतो. समीरा अहमद यांनी जवादला प्रकरणेच्या प्रकरणे बोलायला दिली आहेत.